उजवा कान आणि बापूंचे डोळे

माणसाकडे बघायचं कसं हे अख्ख्या नाशकात एकट्या त्या शिल्पकारांनाच कळत होतं, आणि गंमत म्हणजे बघितलेल्या माणसाचं नाव काही त्यांच्या लक्षात राहत नसे. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, पेरूच्या बागेला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे ते पुतळे घडवत. पहिल्याच भेटीत ते माझ्या उजव्या कानावर खूश झाले आणि मी कायमचा 'उजवा कान' झालो. दूधवाला 'हनुवटी' होता. सख्खी बायकोसुद्धा 'कपाळ'! "कपाळ, दोन चहा!" अशी हाक गेली की आतून हमखास बिनसाखरेचा चहा यायचा. लुनावर बसले की रस्ता सोडून सगळीकडे लक्ष. एकदा सिग्नलला पुढच्या स्कूटरवाल्याची मान त्यांना इतकी आवडली की त्याच्या मागे मागे ते थेट सातपूरला पोचले. त्या बिचाऱ्याने घाबरून गाडी थांबवली आणि तो मागे वळायला लागला, तर हे ओरडले, "वळू नका हो, मागूनच बरे आहात!"

अशा माणसाकडे मी गेलो ते आईच्या हट्टापायी. आम्ही चांदवडकडचे कांदेवाले. माझे वडील, बापू, कॅमेरा दिसला की मळ्यात पळायचे. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, गावातल्या सत्काराचा, आणि त्यात नेमके त्यांचे डोळे मिटलेले. आई तो भिंतीवर लावू देईना. "झोपलेल्या माणसाला हार घालू का रे? मला त्यांचे डोळे उघडे पाह्यजेत," एवढंच तिचं म्हणणं. वर्षश्राद्धाच्या आत अर्धपुतळा करून घ्यायचं ठरलं.

शिल्पकारांनी फोटो बघितला आणि सरळ खणात टाकला. "हा राहू द्या. मला सांगा, वडील चिडले की आधी काय हलायचं?" तीस वर्षं मी त्या माणसाच्या शिव्या खाल्लेल्या, पण उत्तर येईना. शेवटी म्हटलं, "आवाज." "आवाजाचा पुतळा होत नाही हो, उजवा कान!" असं म्हणून ते लुनाला किक मारायला निघाले. आईलाच विचारायला लुनावरून चांदवड! कसंबसं समजावून एसटीत बसवलं.

आईला त्यांनी तोच प्रश्न विचारला. ती क्षणभरही थांबली नाही. "मिशीचं डावं टोक. ते हाललं की मी पोरांना बाहेर पिटाळायची."

"आणि मावशी, तुमच्याकडे बघायचे कसे?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "समोरून कधी नाय बघितलं. मी सैपाकघराच्या दाराशी लसूण सोलत बसले की तिकडून, त्या कोनाड्याजवळून बघायचे. मी मान वर केली की यांचा हात मिशीवर." हे आमच्या बापूंबद्दल? मी थक्कच झालो. शिल्पकारांनी तिला त्याच जागी बसायला लावलं आणि पुतळा जिथे ठेवायचा होता त्या समोरच्या कोनाड्यापासून तिच्यापर्यंत टेप धरून मापं घेतली. मला वाटलं, पुतळ्याच्या स्टँडसाठी असतील.

मग सुरू झाला माझा छळ. दर रविवारी मी शेडवर जायचो आणि माती वाळू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळलेला बाप बघून परत यायचो. आत नाक कसं झालंय, मिशी जमली का, जीव नुसता वरखाली. ते पाणी आणायला गेले तेव्हा एकदा मी फडक्याचं टोक उचललंच, तर आतून माझाच कान बाहेर आला! तेवढ्यात मागून आवाज, "अहो, झाका! त्यांना ऊन लागेल."

अखेर फायबरचा पुतळा तयार झाला. हुबेहूब बापू. डोळे टक्क उघडे. पण नजर? डावीकडे, खाली! माझं टाळकंच सरकलं. "बापूंचं काहीतरी हरवलंय आणि ते शोधतायत असं दिसतंय हे! उद्या पाहुण्यांना काय सांगू?"

"पाहुण्यांकडे ते कधी बघायचे?" त्यांनी शांतपणे विचारलं. "कोनाड्यात ठेवून बघा. नाही पटलं तर परत आणा, फोडून टाकू."

चरफडत पुतळा घरी नेला, कोनाड्यात ठेवला. आई बाहेर येईना. मग लसणाची टोपली घेऊन नेहमीसारखी दाराशी बसली, दोन पाकळ्या सोलल्या आणि मान वर केली. बापू तिच्याकडे बघत होते. नेमके तिच्याकडेच. आईने पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "बघा आता निवांत. मिशीवर हात न्यायची सोय नाय ऱ्हायली." मला हसू आलं की रडू, ठाऊक नाही. मी उठून मळ्यात गेलो.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आई जाऊन सहा महिने झाले होते तेव्हा, गंगापूर रोडला शिल्पकार पुन्हा दिसले. थकले होते, डोळ्यांवर जाड भिंगं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, काही उपयोग नाही. शेवटी मी मान वळवली.

"अरे, उजवा कान!" त्यांचा चेहरा उजळला. माझा दंड घट्ट धरून त्यांनी विचारलं, "मावशी बसतात ना अजून तिथंच? जागा बदलली तर नजर चुकेल हो."

"नाही बदलली," मी म्हटलं. "तिथंच बसते."