अररपलीकडचं गोडं पाणी

नकार द्यायला निघालेल्या माणसाला इतका सुंदर रस्ता मिळायला नको होता. सौदीतल्या जुबैलची धुराडी मागे पडली, हफर अल-बातिन गेलं, आणि तिथून पुढे जुन्या तेलवाहिनीच्या कडेनं वायव्येला जाणारा सरळसोट रस्ता लागला. उजवीकडे कुठेतरी इराकची हद्द. हिवाळ्यातला पाऊस नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे वाळवंटावर पोपटी लव उठली होती आणि उंटांना मान वर करायची फुरसत नव्हती.

गाडी म्हसळ्याचा इक्बाल चालवत होता. मी श्रीवर्धनचा, म्हणजे आम्ही तसे शेजारीच. आमची कंपनी खारं पाणी गोडं करायची यंत्रं बनवते. इराकच्या अनबार प्रांतातल्या एका गावानं एक यंत्र घेतलं होतं, कारण तिथलं जुनं केंद्र लढाईत जमीनदोस्त झालं होतं. यंत्र सरहद्दीजवळ अरर शहरातल्या आमच्या आवारात येऊन पडलं होतं. ते बसवायला आमचे फिटर पलीकडे पाठवायचे की नाही, हे मी ठरवायचं होतं. फिटर गेले नाहीत तर कंपनीची हमी नाही, आणि हमीशिवाय गावची नगरपालिका यंत्राला हात लावणार नाही.

मी कमी बोलणारा माणूस आहे, म्हणून हे लिहूनच सांगतो. मी जुबैलमध्येच ठरवून टाकलं होतं की माणसं पाठवायची नाहीत. गावाचं नाव वाचलं आणि ठरवलं. माझं मुसलमानी नाव वाचून विमानतळावरचा अधिकारी ज्या नजरेनं वर बघतो, नेमक्या त्याच नजरेनं. आणि गावाच्या वतीनं बोलणाऱ्या अबू युसुफना फोनवर मात्र म्हणालो, ‘या अररला, बघू, इन्शाअल्ला.’ त्यांनी ते खरं मानलं. वाटभर मला तेच टोचत होतं.

रफहाला जेवायला थांबलो. रस्त्याकडेला एक म्हातारा फगा (पावसानंतर वाळूखाली उगवणारं बटाट्यासारखं भूछत्र) विकत बसला होता. शेजारच्या खानावळीत ते तुपावर परतून भातावर घालून दिलं. मातीचा वास आणि आपल्या अळंब्यांची चव.

‘अररला कशाला?’ म्हाताऱ्यानं विचारलं.

‘इराकी लोकांना भेटायला.’

‘माझी मावशी दिलीय तिकडे. कित्येक वर्षं जाता येत नव्हतं. आता पुन्हा सोयरिकी जुळायला लागल्यात.’ मग इक्बालला म्हणाला, ‘तुझं लग्न झालंय का?’

‘झालंय, चाचा,’ इक्बाल घाईनं म्हणाला, ‘आणि ती फार लांबून पण ओरडते.’

अररची थंडी हाडात शिरणारी. सगळे पुरुष फरवा (आतून लोकर लावलेला लांब झगा) पांघरून फिरत होते. आवारातल्या आमच्या खोलीत अबू युसुफ आले, साठीचे, ताठ, करड्या मिशांचे. बरोबर त्यांची मुलगी रशा. ती गावच्या पाणी खात्यात अभियंता होती. इक्बालनं थर्मासमधली वेलदोड्याची कॉफी फिंजानात (कान नसलेल्या छोट्या पेल्यात) ओतली. अबू युसुफनी पेला घेतला आणि समोर जमिनीवर ठेवला.

वाटलं, निवली असेल. मी ती ओतून टाकली, गरम दिली. त्यांनी पुन्हा खाली ठेवली. मी तिसऱ्यांदा बदलली.

‘पारकरभाय, साखर हवी असेल,’ इक्बाल पुटपुटला. ‘नाहीतर चहा टाकू?’

रशाला हसू आवरेना. ‘अम्मो (काका), ओतू नका. मागणं घेऊन आलेला माणूस आमच्यात पेला पुढ्यात ठेवतो. यजमान हो म्हणाला की पितो. नाही म्हणाला तर तसाच उठतो.’

इतकी वर्षं आखातात काढली, पण माझ्याकडे कुणी मागणं घेऊन यावं इतका मी कधी मोठा नव्हतो. मला हे कसं ठाऊक असणार? आता त्या पेल्यासमोर ‘बघू’ म्हणता येईना. बघू हा शब्दच त्या खोलीत उरला नव्हता.

‘मी नाही म्हणायला आलोय,’ मी म्हणालो. ‘फोन केला तेव्हाच ठरलं होतं. तुम्हाला उगाच इतक्या लांब आणलं.’

अबू युसुफ हलले नाहीत. ‘कारण?’

‘सुरक्षा. दहशतवाद.’

‘तो संपला असं मी म्हणणार नाही,’ ते शांतपणे म्हणाले. ‘माझा मोठा मुलगा त्यातच गेला. पण ते बंदूकवाले कसे तयार झाले ते मी पाहिलंय. शेत खारवलं, धंदा बसला, रिकामी पोरं नाक्यावर उभी राहिली. त्यांना कुणीतरी बंदूक आणि पगार दिला. तुम्ही म्हणता, आधी सुरक्षा, मग यंत्र. मी म्हणतो, यंत्र हीच सुरक्षा.’

‘बाबा अर्धंच सांगतात,’ रशा म्हणाली. ‘पगार असलेलेही गेले होते. ज्यांचं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नाही ते गेले. मला पाणी हवंच आहे, पण पाणी नीट वाटलं नाही तर कचेरीत येऊन भांडता यायला हवं.’

‘ही घरीपण अशीच भांडते,’ अबू युसुफ म्हणाले. त्यांच्या मिशीआड अभिमान लपत नव्हता.

मग रशानं माझ्याकडे तोंड केलं. ‘तुमची माणसं नका पाठवू. माझी माणसं सरहद्दीवरच थांबलीत. इथं, या आवारात, त्यांच्याकडून यंत्र उभं करून घ्या. चुकले तर हमी देऊ नका.’

मी तिथंच जुबैलच्या साहेबांना फोन लावला आणि रशाचं म्हणणं सांगितलं.

‘पारकर, काही बिघडलं तर?’

‘माझ्या नावावर घ्या.’

‘नोकरी जाईल.’

‘घ्या माझ्या नावावर,’ मी पुन्हा म्हणालो. आयुष्यात साहेबांना एक वाक्य दोनदा ऐकवायची माझी ती पहिलीच वेळ.

फोन ठेवला आणि अबू युसुफना ‘हो’ म्हटलं. त्यांनी गार झालेली कॉफी एका घोटात संपवली. इक्बालनं खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळे मलाही पुसायचे होते.

पुढचे दिवस कामाचे. रशाच्या माणसांनी यंत्र जोडलं, सोडवलं, पुन्हा जोडलं. एकदा पाण्याच्या नळ्या उलट्या बसल्या आणि माझी विजार भिजली. त्या गारठ्यात सगळे मनापासून हसले. टँकरमधलं खारं पाणी आत गेलं, गोडं बाहेर आलं. मी ओंजळीनं प्यायलो आणि हमीवर सही केली. ट्रक सरहद्दीच्या फाटकातून पलीकडे गेला, पण मी जुबैलला परतलो नाही. तिकडे यंत्र चालू होईपर्यंत अररला भाड्याच्या खोलीत राहिलो, फोनवरून हे फिरवा, ते बघा करत.

एका दुपारी रशाचा व्हिडिओ कॉल आला. यंत्राची घरघर, डबे, बादल्या, आणि त्यावरून चढलेले आवाज. मी घाबरलो.

‘काय झालं? कसला गोंधळ?’

अबू युसुफ मध्ये घुसले. ‘रांगेवरून जुंपलीय, माझा नंबर आधी म्हणून. दोन म्हातारे तर ऐकायलाच तयार नाहीत. बघ, बघ. किती वर्षांनी आमच्या गावात इतकं साधं भांडण लागलंय.’

मागून रशा ओरडत होती, ‘ज्याला तक्रार करायचीय त्यानं कचेरीत यावं.’

परतीच्या वाटेवर तेच आवाज माझ्या कानात होते. सुरक्षा म्हणजे पहारा, कुंपण, तपासणी असंच मी समजत आलो. अबू युसुफची आणि रशाची सुरक्षा निराळी होती, बापलेकीची एकमेकांपेक्षाही निराळी, आणि त्या रांगेत दोघंही खरी ठरली. खोटं माझंच ठरलं, आणि इतक्या आनंदानं मी आजवर कधी हरलो नव्हतो.

हफरच्या अलीकडे साहेबांचा फोन आला. शेजारच्या गावालाही यंत्र हवं होतं. ‘पुन्हा अररलाच शिकवणार का?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘या वेळी बसवायला मी स्वतः पलीकडे जातो.’

इक्बालनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. ‘पारकरभाय, व्हिसा दोघांचा काढा. तुम्हाला कॉफी कोण ओतून देणार?’