देवराईच्या वाटेवरचा पत्रा

‘या स्थळी देवराईवर कुऱ्हाड चालविणाऱ्यास श्रींच्या कौलाने शासन झाले. भाविकांनी बोध घ्यावा.’

हा मजकूर आमच्या देवराईच्या तोंडाशी पिवळ्या पत्र्यावर तांबड्या अक्षरांत रंगवलेला आहे. यात्रेला आलेले पाहुणे तो वाचतात, हात जोडतात आणि पुढे जातात. मी या देवाचा गुरव आहे. मिसरूड फुटल्यापासून याच देवाची पूजा करीत आलो आहे आणि त्या अधिकाराने सांगतो, की हा मजकूर खोटा आहे. येत्या ग्रामसभेत तो पत्रा उतरलाच पाहिजे. ज्याला ‘शासन’ झाले तो वायरमन याच गावच्या बौद्ध वस्तीत राहतो. एसटी गाठायला वस्तीला दुसरी वाट नाही. त्याची मुलगी घोडेगावच्या कॉलेजला जाते ती रोज या पत्र्याखालून, मान खाली घालून.

आमच्याकडे कौल कसा लावतात, हे परगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. देवाच्या तांदळ्याच्या, म्हणजे शेंदूर लावलेल्या पाषाणाच्या, उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणे घालायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कौल घेतल्यावाचून आम्ही उचलीत नाही. ही शिस्त आम्हाला वाडवडिलांनी लावली आणि तिच्यामुळेच आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी आमची राई उभी आहे.

यात्रा चार दिवसांवर आली असताना हिरड्याची एक फांदी वाऱ्याने विजेच्या तारेवर टेकली. दिवे जाऊ-येऊ लागले. देवस्थान कमिटीच्या अध्यक्षाने स्वतः फोन करून वायरमनला बोलावले आणि फांदी उतरवायला सांगितले. त्याआधी माझ्याकडे येऊन कौल घेणे हे अध्यक्षाचे काम होते. ते त्याने केले नाही. पुढे मी त्याला विचारले तेव्हा म्हणाला, “घाईत राहून गेलं, बाबा. मंडपवाला दारात उभा व्हता.” चूक देवस्थानची होती. झाडावर चढला तो मात्र सांगितलेले काम करणारा माणूस. मनगटाएवढी फांदी त्याने तोडली आणि खाली उतरला, तर सात-आठ तरुण त्याची वाटच पाहत होते. “अध्यक्षांनी बोलावलंय, फोन बघा माझा,” असे तो सांगत होता. मंडपाच्या खांबाशी उभा असलेला अध्यक्ष मंडपवाल्याशी हिशेब बोलत राहिला. पोरांनी वायरमनला ओढत देवळापर्यंत नेले.

इथून पुढे दोन कथा आहेत. तरुणांची कथा अशी: देवळाशी नेल्यावर गुरवाला बोलावले, कौल लावला, उजवा झाला आणि मगच देवाच्या हुकमाने हात उचलला. पत्र्यावर रंगवली आहे ती ही कथा. माझे म्हणणे असे, की मार आधी झाला आणि कौल नंतर लावला गेला. काम उरकले होते, त्यावर फक्त देवाची सही हवी होती.

त्यांतला जो सर्वांत बोलका, त्याने परवा चहाच्या टपरीवर मला सगळ्यांदेखत अडवले.

“बाबा, कौल तुमीच लावला का न्हाई?”

“मीच लावला.”

“उजवा पडला का न्हाई?”

“उजवाच पडला.”

“मग झालं तर! आता कशाला उलटं बोलता? वय झालं राव तुमचं, इसराय व्हतं.”

“विसरलो असतो तर तुझ्या बारशाचं जेवण विसरलो असतो,” मी म्हणालो. “वरण लई खारट व्हतं.”

टपरी हसली. तो हसला नाही. “देवापेक्षा मोठं झालात का तुमी?” एवढे म्हणून त्याने गाडीला किक मारली.

मी देवापेक्षा मोठा नाही, म्हणूनच बोलतो आहे. कौल उजवा पडला हे मी कधीच नाकारले नाही. पण पाकळीला पाणी कमी लागले की ती लवकर सुटते, हे साऱ्या गुरवांना ठाऊक असते आणि त्या दिवशी उजव्या पाकळीला पाणी नीट लागले नव्हते. पाठीशी काठ्या घेतलेली पोरे उभी होती. नको म्हणायला हवे होते. मी म्हटले नाही. हा दोष माझा आहे. तो मी देवावर ढकलणार नाही आणि त्यांनाही त्यांचा दोष देवावर ढकलू देणार नाही. नास्तिकाने आमच्या देवाचे कधी काही बिघडवले नाही. आपल्या हाताने केलेले त्याच्या तोंडी घालणाऱ्या भक्तांनी मात्र त्याला मारहाण करणाऱ्यांच्या ओळीत नेऊन बसवले.

त्या वायरमनचा डावा कान कायमचा गेला. गावाकडून त्याला भरपाई नको आहे. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने एवढेच सांगितले, “बाबा, तेवढा पत्रा काढायला सांगा. पोरगी वाचते.”

ग्रामसभेत मला विचारतील, की एवढ्या जणांच्या शब्दापुढे तुमचा एकट्याचा शब्द का धरावा. माझा शब्द धरू नका. गुरव अशुद्ध पायरी ओलांडून देवाला गाऱ्हाणे घालीत नाही, हे गावातले शेंबडे पोरही जाणते. त्या सकाळी कौल लावण्याआधी मी देवळाची पायरी सगळ्यांदेखत दोन घागरी पाण्याने धुतली, कारण तिच्यावर त्याचे रक्त होते.