दाराशी मी आहे ना

नोरीन,

हे पत्र चष्मा लावून वाच, आणि मध्येच भांडी घासायला उठू नकोस. अवघड काही बोलणं निघालं की तुला भांडी आठवतात. तुझ्या आईची काचेची बशी अजून लायब्ररीतल्या माझ्या कपाटात आहे. त्यासाठीच लिहायला बसले, पण बशीकडे यायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल. आणि तुझी गोष्ट तुलाच 'तू असं केलंस, तू तसं केलंस' करून सांगितली तर तिचं भांडण होईल. म्हणून थोडा वेळ तुला 'ती' म्हणते. लांबून बघ स्वतःकडे.

तर, नोरीन हॅस्केट. कोल्टन गावच्या बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारी, नेटकी, केस कधी विस्कटू न देणारी. हॅस्केट घराण्यात पदवी मिळवलेली पहिली, आणि मागच्या उन्हाळ्यापर्यंत एकुलती एक. तिची पदवी तिच्या आईच्या, अल्माच्या, घरात दारातून शिरल्या शिरल्या दिसेल अशी लावलेली. दर रविवारी चर्चनंतर जेवायला गेली की नोरीन त्या काचेवरून रुमाल फिरवायची. धूळ असो वा नसो.

ती पदवी तिला सुखासुखी मिळाली नव्हती, हे मान्यच करायला हवं. कॉलेज डोंगरापलीकडे. बँक सुटली की हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्यावरून गाडी हाकत जायचं. बीजगणिताचे मास्तर उजव्या हाताने फळ्यावर लिहायचे आणि डाव्या हाताने पुसत जायचे. दोनदा ती त्याच विषयात आपटली. तिसऱ्या खेपेला एका संध्याकाळी गाडी खड्ड्यात गेली. नोरीन उरलेली वाट चालत गेली आणि भिजलेल्या मोज्यांनी वर्गात जाऊन बसली, आणि त्या खेपेला कशीबशी पार पडली. ही मोज्यांची गोष्ट घरात इतक्या वेळा झाली होती की, दर नोव्हेंबरात सणाच्या जेवणाला टर्की कापायला घेतली की भाचेमंडळी टेबलाखालून एकमेकांना ढोसायची: आता मोजे येणार.

धाकटी बहीण डार्ला अगदी उलटी. शाळेत बालवाडीच्या बाईंची मदतनीस. तिच्या स्वेटरला कायम कुणाचा तरी डिंक लागलेला आणि कंबरेला कुणीतरी मूल लोंबकळलेलं. तिचेही पदवीचे सगळे विषय झाले होते, बीजगणित सोडून. आमच्या कॉलेजात तुम्ही बालवाडीची बाई व्हा नाहीतर कवी व्हा, ती एक पायरी चढल्याशिवाय हाती कागद देत नाहीत. डार्लानेही वर्गात बसून दोनदा बीजगणिताचा मार खाल्ला होता. आणि आता बालवाडीच्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या. मुख्याध्यापकांनी साफ सांगितलं होतं, ऑगस्टात शाळा उघडायच्या आत पदवी आण, वर्ग तुझा. नाहीतर जाहिरात द्यावी लागेल.

वसंतातल्या एका रविवारी, हॅम कापता कापता, डार्लाने सांगितलं की तिला वाट सापडली. कॉम्प्युटरवर घरबसल्या शिकायचा बीजगणिताचा कोर्स. आधी कॉलेजात जाऊन विचारून आले, म्हणाली, त्यांनी मान्य असल्याचं लिहून दिलंय.

"घरी बसून?" नोरीनने विचारलं.

"घरी बसून. घरातल्या चपला घालून."

"आणि उदाहरणं कोण सोडवणार, मांजर?"

"मांजराने माझ्यापेक्षा बरी सोडवली असती गं. पण परीक्षेला माझंच तोंड दाखवावं लागतं."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने अल्मा हसली, आणि ते हसू नोरीनच्या पोटात जाऊन बसलं. चपला घालून! तिचा डोंगर, तिचा बर्फ, तिचे मोजे, सगळं त्या एका शब्दाने पुसून टाकलं. त्या दिवसापासून भेटेल त्याला ती सांगत सुटली की असल्या कोर्सांना शेवटी कुणी विचारत नाही, बिचारी डार्ला फसणार. 'बिचारी' म्हणताना तिचा आवाज काय गोड व्हायचा!

मग अल्मा कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत गेली आणि एक चौकट घेऊन आली. नोरीनच्या पदवीच्या शेजारी तिने ती रिकामीच टांगली. त्या रविवारी नोरीनने आपल्या काचेवर रुमाल फिरवला आणि शेजारच्या रिकाम्या चौकटीकडे, सवतीकडे बघावं तसं बघितलं.

एक गोष्ट तिने तेव्हा कुणाला सांगितली नव्हती. कोर्सचा पहिला धडा कुणालाही फुकट बघता यायचा. हा सगळा पोरखेळ आहे याची खात्री करून घ्यावी म्हणून तिने एकटीने तो उघडला. पोरखेळ नव्हता. तीच समीकरणं, तसाच घाम. पण पडद्यावरचा तो मास्तर, थांब म्हटलं की थांबायचा. परत सांग म्हटलं की न चिडता परत सांगायचा, आणि त्याच्या फळ्यावरचं कुणी पुसत नव्हतं. आकडा या बाजूचा त्या बाजूला नेला की चिन्ह का उलटं होतं, हे नोरीनला पदवी भिंतीवर लागून इतकी वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. तिने कॉम्प्युटर मिटला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडली. मला हे कुणी असं का नाही सांगितलं? हिलाच का? फसवाफसवी असती तर तिला सोसलं असतं. चांगलं निघालं, तेच सोसेना.

डार्लाचं घर खाली ओढ्याकाठी. तिथे इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. धडे तिने शाळा सुटल्यावर शाळेतच बसून संपवले, पण जूनमध्ये शेवटची परीक्षा आली तेव्हा शाळेला सुट्टी लागली होती. म्हणून परीक्षा नोरीनच्या घरी, तिच्या शिवणाच्या खोलीत द्यायची ठरली. नाही म्हणायला नोरीनला तोंड नव्हतं.

ही परीक्षा म्हणजे चोराची झडती. कुठल्या तरी दूरच्या गावी बसलेली पहारेकरीण कॅमेऱ्यातून डार्लाकडे बघणार. तिने आधी कॉम्प्युटर उचलून चारी भिंती दाखवायला लावल्या, टेबलाखाली दाखवायला लावलं, बाह्या वर करायला लावल्या. शिवणाची टेप खुंटीवर होती, तिच्यावर आकडे, म्हणून ती बाहेर. कॅलेंडर बाहेर. आणि एक नियम सगळ्यांत कडक: परीक्षा चालू असताना खोलीत दुसरं माणूस आलं की परीक्षा रद्द.

आमच्याकडे घरातल्या खोल्यांना कुलपं नसतात, आणि मागच्या दाराने येणारा कधी टकटक करत नाही. डार्ला म्हणाली, दारावर एक चिठ्ठी लावू या का?

"चिठ्ठी कशाला? दाराशी मी आहे ना," नोरीन म्हणाली.

हे म्हणताना तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. माझी तशी खात्री आहे. ती सिंकपाशी उभी राहून कप धूत होती. समोरच्या खिडकीतून तिने अल्माची गाडी वळताना पाहिली. अल्मा उतरली. दोन्ही हातांत, टॉवेलात धरलेली काचेची बशी, आणि तिच्यात रुबार्बच्या आंबट देठांची वाफ येणारी पाई. डार्लाने आईला सांगितलं होतं की आज परीक्षा. अल्माला कॉम्प्युटरची परीक्षा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पोर अभ्यास करतेय, तिला गरम काही द्यावं, एवढंच तिला कळत होतं.

आणि नोरीनच्या मनात आलं: माझ्या परीक्षेला कुणी पाई नव्हती केली.

अल्मा आत आली आणि हळूच म्हणाली, "कुठे आहे आपली पोर?"

नोरीनने तोंड उघडलं. 'थांब' एवढा एकच शब्द हवा होता. त्याऐवजी तिने ओल्या हाताने बोळातल्या त्या दाराकडे बोट केलं.

पुढचं सांगायला नको. दार उघडलं, कॅमेऱ्यात अल्मा पाईसकट दिसली, आणि पडदा बंद झाला. डार्ला बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा. नोरीनला म्हणाली, "तू कुठे होतीस गं?"

"नळ चालू होता. आई कधी आली, मला कळलंच नाही."

अल्मा तिथेच उभी होती. तिने नोरीनकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. मग ती डार्लाला म्हणाली, "माझंच चुकलं, बाळा. मी विचारायला हवं होतं." आणि पाई ओट्यावर ठेवून निघून गेली. नोरीनचं खोटं तिने स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि ते घेताना नोरीनला दिसेल असं घेतलं.

डार्लाने अर्जविनंत्या केल्या, सगळा प्रकार लिहून कळवला. शेवटी त्या लोकांनी जुलैत दुसरी संधी दिली. ती परीक्षा मात्र मी सांभाळते त्या लायब्ररीतल्या कुलपाच्या खोलीत झाली, आणि बाहेर खुर्ची टाकून बसले होते मी. डार्ला आत होती तेव्हा नोरीन आली. हातात ती बशी, घासून लख्ख केलेली, खाली चिकटपट्टीवर अल्माचं नाव. माझ्या शेजारी बसली आणि इकडेतिकडे न बघता म्हणाली, "मी गाडी पाहिली होती."

"कुणाला ठाऊक आहे?"

"आईला."

"मग मला कशाला सांगतेस? मी काय पाद्री आहे?"

बशीवरून बोट फिरवत तिने त्या फुकट धड्यापासून पाईपर्यंतचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, आई आता माझ्याकडे येते तेव्हा दार वाजवते. डार्लाकडे सरळ आत जाते. माझ्याकडे मात्र मागच्या दाराशी उभी राहून टकटक करते, आणि मी 'ये' म्हणेपर्यंत थांबते.

"तू तिच्या घरावरूनच जातेस ना? एवढी बशी तिला देशील?" नोरीनने विचारलं.

तेवढ्यात कुलूप उघडलं आणि डार्ला बाहेर आली. ती थेट माझ्या गळ्यात पडली, त्यावरून पास झाल्याचं कळलं. नोरीनने बशी माझ्या खुर्चीवर ठेवली आणि बहिणीचं अभिनंदन केलं. हसली सुद्धा. ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, पण तिने ते ओढून धरलं, एवढं श्रेय देते.

तर नोरीन, आता पुन्हा 'तू'.

ती चौकट भरली. डार्लाच्या वर्गातली पोरं तिला बाई म्हणतात. मागच्या रविवारी मी अल्माकडे गेले होते, दोन्ही काचांवर सारखीच धूळ होती. तू जेवायला येत नाहीस, असं कळलं.

बशी मी नेली नाही. विसरले म्हणून नव्हे. आपल्याकडे कुणाची बशी रिकामी परत पाठवत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. तिच्यात काय घालायचं ते माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. लायब्ररी शनिवारी दुपारपर्यंत उघडी असते. मी अल्माच्या घरावरून रोज जाते, आणि रोज रिकाम्या हाताने जाते.