आईच्या नावाचा रकाना

मुलुंडच्या त्या सोसायटीत कुणालाही फॉर्म भरायचा असला की तो मार्तंडराव कारखानीसांच्या दारात येई. रेशनकार्ड असो, गॅसचा नंबर असो, कॉलेजचा प्रवेश असो. वरच्या मजल्यावरचे दादू परब तर सही करण्याआधी वाचायचेही नाहीत. "काकांनी भरलाय ना, मग झालं," म्हणायचे. मार्तंडराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आपण भरलेला एकही फॉर्म आजवर परत आला नाही, हे ते पाहुण्यांना चहा यायच्या आत सांगून टाकत. माणूस सरळ. पण आपल्या हुशारीवर इतका भरवसा बरा नव्हे, हे त्यांना सांगणार कोण?

एक्क्याऐंशी साली त्यांनी मुलीचं, उत्तराचं, लग्न करून दिलं. जावई विद्याधर प्रधान अमेरिकेत इंजिनियर. विद्याधरने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, अनुपमा, आणि मंडळींनी पेढे खाल्ले. दुसऱ्याच आठवड्यात मार्तंडरावांनी रेशनकार्डावरून उत्तराला कमी केलं आणि अनुपमा विद्याधर प्रधान या नावाने पासपोर्टचा फॉर्म भरला. व्हिसा मिळाला तो नवऱ्याच्या नोकरीवर. बायको म्हणून ती जाणार आणि बायको आहे तोवर राहणार. त्या 'तोवर'कडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

चार वर्षांनी घटस्फोट झाला. कारणं काय असतील ती असोत, दोघांनीही ती कधी धड सांगितली नाहीत. मधल्या काळात जुई झाली होती, जन्माने तिथली नागरिक. घटस्फोटाबरोबर उत्तराचा व्हिसा संपला. जिला त्या देशात राहताच येत नाही तिच्याकडे मूल कसं द्यायचं, म्हणून कोर्टाने जुईला बापाकडे ठेवलं. आईला दर उन्हाळ्यात एक महिना मुलीजवळ राहायचा हक्क दिला. हुकमावर सही होती, शिक्का होता. तिथवर पोचायचं कसं, एवढंच त्यात लिहिलेलं नव्हतं.

उत्तरा परत आली तेव्हा तिच्या बॅगेत जुईचा एकच बूट निघाला. दुसरा घाईत तिकडेच राहिला होता. तो एक बूट तिने कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

मार्तंडराव मात्र कामाला लागले. अ‍ॅफिडेव्हिट केलं, गॅझेटात जाहिरात दिली, माहेरचं नाव परत घेतलं आणि त्या नावाचा नवा कोरा पासपोर्ट आणला. शेजारच्या श्यामसुंदर गुप्त्यांनी सांगितलं होतं, घटस्फोट झालेली बाई, त्यात मूल तिकडे, तिला वकिलात व्हिसा देत नाही. ती परत येईल यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

जेवणाच्या टेबलावर व्हिसाचा फॉर्म उघडला. वैवाहिक स्थिती या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. घटस्फोटित हा शब्द त्यांच्या हातून उतरेना. त्यांनी 'अविवाहित' लिहिलं. यापूर्वी अमेरिकेत गेला होतात का? नाही. इतर नावं? त्यांनी सुबक रेघ मारली.

"बाबा, मी गेले होते ना?" उत्तरा म्हणाली.

"अनुपमा प्रधान गेली होती. ती बाई आता गॅझेटप्रमाणे उरलीच नाही. उत्तरा कारखानीस कधी गेली होती?"

"आणि कोर्टाचा हुकूम?"

"तो दाखवलास की सगळंच उघडं पडेल. कपाटात राहू दे."

स्वयंपाकघरातून तिची आई, प्रेमाताई, म्हणाल्या, "अहो, खरं आहे तेच लिहा ना."

"तुला यातलं कळत नाही," मार्तंडराव म्हणाले. उत्तराने सही केली. बाबांचा फॉर्म परत येत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

वकिलातीसमोरच्या फुटपाथवर मार्तंडराव पाण्याची बाटली धरून तीन तास उभे होते. ती बाहेर आली आणि त्यांच्या हातातली बाटली घेऊन पाणी प्यायली.

"आतल्या अधिकाऱ्याने जन्मतारखेवरून जुनी फाईल काढली," ती म्हणाली. "माझा मंगळसूत्र घातलेला फोटो पुढे ठेवला. ही कोण, म्हणाला. मी म्हटलं, मीच."

"मग?"

"खोटी माहिती दिली म्हणून कायमची बंदी. मग विचारलं, मुलीला भेटायचा कोर्टाचा हुकूम वगैरे आहे का? मी म्हटलं, आहे. घरी आहे."

हुकूम बघून त्याने व्हिसा दिलाच असता असं नाही. पण निदान बघितला तरी असता. मार्तंडरावांना घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. सगळं बदललं, जन्मतारीख विसरलो, असं ते एकदा पुटपुटले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चूक तारखेची नव्हती, हे त्यांना तेव्हाही कळत होतं. उत्तराने त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि ते त्यांना जास्त लागलं. पुढे वर्षभर त्यांनी अर्ज पाठवले, माफी मागितली, सगळा दोष स्वतःकडे घेतला. दर वेळी तेच दोन ओळींचं उत्तर आलं. सोसायटीतले लोक फॉर्म घेऊन येत, तेव्हा ते चष्मा सापडत नाही म्हणत.

आता एकच वाट उरली होती. जुईनेच इकडे यायचं. अठ्ठ्याऐंशीत त्यांनी एका ओळखीच्याकडून भारताच्या व्हिसाचा फॉर्म मागवला आणि पुन्हा त्याच टेबलाशी बसले. जुईचं नाव लिहिलं, वय पाच लिहिलं, बापाचं नाव लिहिलं. मग आईच्या नावाचा रकाना आला. त्यांनी उत्तराकडे पाहिलं.

"तिच्या जन्माच्या दाखल्यावर जे आहे तेच लिहा, बाबा," ती म्हणाली. "अनुपमा विद्याधर प्रधान."

मार्तंडरावांनी ते नाव लिहिलं. खाली बापाच्या सहीची जागा मोकळी ठेवली आणि फॉर्म रजिस्टर पोस्टाने विद्याधरकडे पाठवला. पोच मिळाली. फॉर्म अजून परत आलेला नाही.