फिजीची पोरगी उठून निघाली तेव्हा

बायांनो, सगळ्यांत आधी आली ती फिजीची पोरगी, युनिव्हर्सिटीचे दोन साहेब मागाहून. व्हिसा संपलेल्या मुलांना आधार कसा द्यायचा, ते आमची सून साहेबांना आज घरीच शिकवणार होती. पोरगी हिंदी बोलते म्हणून मी काय खूश!

चहा देताना विचारलं, “बेटी, वीजा कब तक है?” अहो, इथे परदेशात आपण म्हातारी मंडळी भेटलो की हेच विचारतो ना!

पोरगी पांढरीफटक पडली. पर्स घेऊन उठलीच.

सून कुजबुजली, “आई, तिचाच व्हिसा संपलाय! साहेबांना अनुभव सांगायला तिला बोलावलंय. हे विचारायचं नाही, हेच तर शिकवतेय!”

मी पोरीचा हात धरला. “माफ कर बेटी. खाना खाया?”

ती रडली, पण बसली. वरणभात जेवली आणि मग साहेबांशी आपल्या व्हिसाबद्दल बोललीसुद्धा!

तुम्ही पाहुण्याला पहिलं काय विचारता गं? ही सगळी रविवारी पुन्हा येतायत.