सासऱ्यांच्या जीपमधला ठिबकचा कॉक

सासऱ्यांच्या जीपमध्ये मी ठिबकचा कॉक बसवला, त्याला कारण एवढंच की घरात एक कॉक शिल्लक होता.

(ठिबकचं सामान उरलं की माणूस ते कुठं ना कुठं बसवतोच. आमच्या वडगाव निंबाळकरात कपडे वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा ठिबकच्या काळ्या नळीच्या आहेत. एकानं तर त्या नळीचा पाळणा टांगलाय. मग मी एकटाच काय वाईट?)

जीप आमच्या अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची. इंदापूरकडं त्यांची डाळिंबाची बाग. त्या जीपवर त्यांनी डाळिंबं वाहिली, पाव्हणे वाहिले, एकदा तर आख्खं वऱ्हाड वाहिलं. पण आता क्लच दाबला की त्यांचा गुडघा बोंब मारायचा. शेवटी त्यांनी जेवताना जाहीर केलं, "मी काय आता जीप चालवत न्हाय. कुणीतरी घेऊन जावा."

झालं! माझी बायको वैशाली आणि तिचा धाकटा भाऊ सचिन, दोघांचे घास हातातच राहिले.

"जीप घराची हाय ताई, घरातच राहणार," सचिन म्हणाला.

"मग मी काय बाहेरची हाय व्हय रं?"

"तसं न्हाय, पण..."

"शेताच्या हक्कसोडवर मी चहा गार व्हायच्या आत सही केली, सच्या. एक शब्द काढला न्हाय. आता एक जीप मागती मी. हिच्यावरच मी गाडी शिकली, हिच्यावरच बसून सासरी गेली. मला जीपच पायजे."

हे बोलताना तिचा आवाज जरा हलला. वैशालीचा आवाज एरवी हलत नाही, समोरचा माणूस हलतो. मी तिथंच मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, जीप आमच्याच दारात आली पाहिजे. (माझं काहीतरी ठरलं की घरातली माणसं का घाबरतात, ते पुढं कळेलच.)

अण्णांची पंचाईत झाली. एका ताटावर लेक, एका ताटावर ल्योक. पण अण्णा हुशार. इंदापूरच्या रस्त्याला काही हौशी मंडळी ऊस तुटलेल्या रानात गाड्यांच्या शर्यती भरवत. एकेका गाडीनं पळायचं, ड्रमांना वळसे घालायचे, ड्रम पडला की दंडाचे सेकंद. ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला.

"दोघं बी ह्याच जीपवर पळा," अण्णा म्हणाले. "ज्याचा टाइम कमी, त्याच्या दारात जीप. इषय संपला. आता कालवण वाढा."

एकच गाडी, दोन चालक. ह्यात लबाडीला जागाच नाही, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी माझा विचार केला नव्हता.

कारण जीप टर्बोवाली होती, आणि मी त्या महिन्यात फोनवर टर्बोचे व्हिडिओ बघत होतो. इतके बघितले की स्वप्नात टर्बो यायचा. हे ज्ञान कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. वैशालीला सांगायची सोय नव्हती. ती म्हणायची, "मला कुणाची मदत नको." म्हणून मी म्हशीला सांगितलं.

"बघ," मी म्हणालो, "इंजिनातनं बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो. ते चाक इंजिनात जोरानं हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त जोर. पण हवा फार झाली तर इंजिन फुटंल, म्हणून एक दार ठेवलंय. त्या दाराला एक बारकी नळी सांगते, 'बास झालं, उघड!' मग धूर तिकडनं निघून जातो. आता त्या बारक्या नळीतली थोडी हवा आपण मधेच सोडून दिली तर? दाराला कळणारच न्हाय! दार बंद, हवा वाढली, जीप सुसाट! कळलं का?"

म्हशीनं रवंथ थांबवला. मी तो होकार समजलो.

शर्यतीच्या आदल्या रात्री आम्ही अण्णांकडं मुक्कामाला गेलो, नळी आणि कॉक माझ्या पिशवीत. सकाळी वैशाली तिथं धारा काढत होती तेवढ्यात मी काम उरकलं. त्या बारक्या नळीला जोड दिला, त्यातनं ठिबकची काळी नळी काढली, ती थेट आत शेजारच्या शिटाखाली आणली आणि टोकाला तो शिल्लक कॉक. कॉक बंद असला की जीप साधी. उघडला की विमान! वैशालीच्या शेजारी मी बसणार, कॉक उघडणार. सचिनच्या पाळीला कॉक बंद. एवढी साधी योजना. सरकारला सुद्धा इतकी साधी योजना आजवर जमली नाही.

मैदानावर तपासणीला काळे सर होते. शाळेत आयुष्यभर कबड्डी घेऊन रिटायर झालेले. गळ्यात शिट्टी. गाडी समोर आली की आधी तिच्याकडं असे बघायचे, की गाडी आपोआप सावधानमध्ये उभी राहायची.

"गट कुठला?"

"कंपनी गट सर," वैशाली म्हणाली.

"कंपनी गट म्हणजे गाडी कंपनीतनं जशी आली तशी. टर्बोला जेवढी हवा कंपनीनं दिली तेवढीच. एक चमचा जास्त न्हाय. ज्यांना खेळ करायचाय त्यांनी ओपन गटात जावं." आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

नशीब बघा, ठिबकची नळी काळी आणि इंजिनातल्या सगळ्या नळ्याही काळ्याच! तरी सरांचं बोट बरोब्बर तिथंच थांबलं.

"ही कुठं जाते?"

"आत," मी म्हणालो.

"आत म्हणजे?"

"एसीला."

"ह्या जीपला एसी हाय?"

"न्हाय सर. पण पुढं-मागं बसवायचा इचार हाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मागच्या गाड्यांच्या रांगेकडं बघितलं, आणि बॉनेटवर कागदाची पट्टी चिकटवून सही ठोकली. "आता निकाल लागंस्तवर बॉनेटला कुणी हात लावायचा न्हाय."

मी मनातल्या मनात हसलो. हात लावतोय कशाला? कॉक तर आत होता!

पहिली पाळी वैशालीची. मी शेजारी चढलो.

"तुमी कशाला?" ती म्हणाली.

"वळणं सांगायला. एक माणूस चालतो की नियमात."

"तुमी? बारामतीत शिरलं की तुमाला स्टँड सापडत न्हाय!"

तेवढ्यात शिट्टी झाली. वैशालीनं जीप अशी काढली की माझी टोपी मागच्या शिटावर गेली. पहिला ड्रम, दुसरा ड्रम, काय सुरेख चालवत होती! पुढं मोकळा पट्टा आला. मी खाली वाकलो आणि कॉक उघडला.

फुस्स्स्स!

एक गोष्ट व्हिडिओत सांगितली नव्हती. हवा सोडली की आवाज येतो!

"अगं बया, टायर गेलं!" म्हणत वैशालीनं ब्रेकच मारला.

"न्हाय गेलं! चला!"

"मग फुसफुसतंय काय?"

"वारं हाय! चला म्हणतो ना!"

तिनं तशीच दाबली, आणि एवढा वेळ कोंडून ठेवल्यागत जीपनं उडी घेतली. वैशालीला त्या जीपची नस न् नस ठाऊक, पण ही उडी तिच्या ओळखीची नव्हती. वळण चुकलं, ड्रम उडाला, त्याच्यामागचाही उडाला. मी कॉक बंद केला, मग वाटलं आता मोकळा पट्टा आहे म्हणून उघडला, मग वळण आलं म्हणून बंद केला. जीप उचक्या लागल्यागत आचके देत शेवटच्या रेघेवर आली.

वैशाली खाली उतरली. तिनं चाकांकडं बघितलं, मग जीपच्या नाकावरनं हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "आज काय झालं गं तुला?"

सांगतो, मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अजून सगळं गेलं नव्हतं. कॉक मी आठवणीनं बंद केला होता. सचिनला साधी जीप मिळणार. त्यानंही दोन ड्रम पाडले तर बरोबरी!

"सच्या, मी बसतो शेजारी," अण्णा म्हणाले. "माझी जीप हाय, शेवटचा एक राउंड तरी मारू दे."

माझ्या डोक्यात काही धोक्याची घंटा वाजली नाही. वाजायला हवी होती. कारण अण्णांची सबंध हयात ठिबकवर गेलेली. बागेत बंद कॉक दिसला म्हणजे ती ओळ तहानलेली. तो उघडल्याशिवाय अण्णा पुढं पाऊल टाकत नाहीत. लग्नात आमच्या मांडवातसुद्धा त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना एक कॉक उघडला होता, आणि भटजींच्या धोतरात पाणी गेलं होतं.

शिट्टी झाली. सचिन निघाला. अण्णांनी दुखरा गुडघा सरळ करायला पाय लांब केला, आणि पायाला काय लागलं असेल ते मला बाहेर उभ्या उभ्या कळलं. कारण अण्णा खाली वाकले.

"अण्णा, नको!" मी ओरडलो.

अण्णांनी कॉक उघडला. पूर्ण!

त्यानंतर जी शिट्टी वाजली ती काळे सरांची नव्हती, टर्बोची होती. इतकी मोठी की सर आपली शिट्टी तोंडातनं काढून बघायला लागले. माझ्यासारखी चालू-बंद नाही, सलग. त्यामुळं जीप एका लयीत सुटली. सचिन ड्रमांना नुसता चाटून जात होता. दिवसभरातली सगळ्यात जोरकस फेरी! रेघ आली. रेघ गेली. जीप मात्र थांबेना. माणसं बाजूला पळाली. पुढं रानात खताला आणून टाकलेला प्रेसमडचा ढीग होता, साखर कारखान्यातलं उसाच्या गाळाचं ते काळं, वास मारणारं प्रकरण. जीप त्यात दारापर्यंत शिरली. आतनं 'फाट्' असा आवाज झाला, टर्बोची नळी निसटली, आणि एकदम शांत.

आम्ही सगळे धावलो. वैशाली सगळ्यांत पुढं.

"अण्णा! लागलं का?"

ढिगातनं अण्णांचा आवाज आला, "सच्या, अजून एक राउंड घे!"

दार ढकलून अण्णा बाहेर आले. कोपरापर्यंत काळे, चेहरा फुललेला. "आयला, गुडघा दुखायचा पार राहून गेला!"

सचिन तर नाचायलाच लागला. "ताई, टाइम बघितला का? जीप माझी!"

वैशालीनं मान फिरवली. मला हे सगळं जमिनीत शिरून बघता आलं असतं तर बरं झालं असतं.

काळे सर दम खात आले. "एवढा जोर? ह्या जीपला?"

"जोर होताच की आधीपासनं," अण्णा अगदी भोळेपणानं म्हणाले. "कुणीतरी कॉक बंद ठेवला व्हता. मी चालू केला." आणि शिटाखालची नळी ओढून त्यांनी उंच धरली.

सचिन नाचायचा थांबला. सगळ्या माना हळूहळू माझ्याकडं वळल्या.

"दाजी?" सचिन.

"जावाईबापू?" अण्णा.

"अहोऽऽ," वैशाली. (हा 'अहो' लग्नाच्या इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकला. परत ऐकायची इच्छा नाही.)

काळे सरांनी कॉक हातात घेतला. "हे कंपनीनं दिलंय?"

"कंपनीचंच हाय सर," मी म्हणालो. "ठिबकच्या कंपनीचं. आयएसआय मार्क हाय बघा त्याच्यावर."

सरांनी डोळे मिटले. कबड्डीच्या आयुष्यात त्यांनी बरेच फाऊल बघितले असतील, पण हा नवीन होता.

"दोन्ही फेऱ्या बाद!"

मग वैशाली पुढं झाली. "सर, मला आणि सच्याला ह्यातलं काय बी ठाऊक न्हवतं. बक्षीस नको आमाला. फक्त घरचा निकाल लावायचाय. जीप कंपनीसारखी करून द्या आणि एक फेरी परत पळू द्या."

"व्हय सर," सचिन म्हणाला. "असली जिंकलेली जीप मला बी नको." चांगला पोरगा आहे तो, उगाच मी त्याच्याविरुद्ध टर्बो शिकलो.

सर तयार झाले. जीप ट्रॅक्टरनं ओढून काढली. शे-दीडशे माणसांसमोर मी ती नळी, तो जोड, तो कॉक एकेक करून काढला आणि निसटलेली नळी परत बसवली. एवढी गर्दी माझ्या लग्नालाही नव्हती. गर्दीतनं सूचनाही येत होत्या, "दाजी, फिल्टर पण धुऊन घ्या!"

काम संपल्यावर सरांनी विचारलं, "झालं? आता कंपनीतनं आल्यागत झाली का जीप?"

"न्हाय सर," वैशाली म्हणाली. "अजून एक राहिलं. ह्यांना पण काढा."

"ह्यांना?"

"जीप कंपनीतनं आली तवा हे तिच्यात न्हवते."

मैदान हसून हसून लोळलं. सरांनी गंभीरपणे मला कडेच्या दोरीपलीकडं नेऊन उभं केलं आणि एका माणसाला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं.

अण्णा दोन्ही फेऱ्यांना शेजारी बसले, दोन्ही हात मांडीखाली घालून, सरांच्या हुकमावरनं. आधी सचिन पळाला. साधी जीप, चांगली फेरी, एकही ड्रम नाही. मग वैशाली. मी दोरीपलीकडनं बघत होतो. ना फुस्स, ना उडी. प्रत्येक ड्रमाला ती अशी वळत होती, जशी माहेरच्या अंगणात वळतेय. थोडक्यात जिंकली, पण जिंकली! सचिननंच किल्ली काढून तिच्या हातात दिली. "घे ताई. तुझीच हाय." वैशाली तिथंच रडली, अण्णाही रडले, आणि मीही रडलो. पण मला दोरीच्या आत येऊ दिलं नाही.

जीप आता आमच्या दारात आहे. मी तिच्या बॉनेटला टेकलो तरी आतनं वैशालीचा आवाज येतो, "लांब व्हा!"

पुढच्या साली आम्ही परत शर्यतीला गेलो. मैदानाच्या तोंडाशी नियमांचा नवा फलक लावला होता. 'कंपनी गटात पुढील गोष्टींना सक्त मनाई : जादा हवेची नळी, बदललेला टर्बो, ठिबकचे कोणतेही साहित्य, आणि दाजी.'

मी तडक काळे सरांना गाठलं. "सर, हे बरं दिसतं का? निदान ओपन गटात तरी घ्या की मला!"

सरांनी मला वरपासनं खालपर्यंत नीट तपासलं आणि मान हलवली.

"ओपन गट झाला म्हणून काय झालं, दाजी? त्याला बी काही मर्यादा हायेत."