माईचा गुरुवार

पुणे स्टेशनवर उतरलो तेव्हा हातात गोरसपाकाचा (तुपातल्या खुसखुशीत बिस्किटांचा) डबा होता आणि डोक्यात भाच्याचा फोन. "मामा, आईला समजवा. दिवसभर दार लावून बसते. बीपी खाली येत नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवण्याआधी माणसं वाढवा."

माई माझी थोरली बहीण. मी तान्हा असताना आई गेली आणि नऊ वर्षांच्या माईची शाळा सुटली ती सुटलीच. मला तिनेच वाढवलं. कुणाच्या लग्नात ती पाहुणी म्हणून बसल्याचं मला आठवत नाही. गेली की थेट पोळ्या लाटायला. भाऊजी गेल्यावर भाच्याने, नितीनने, तिला खराडीला आणलं. तिथे तर पोळ्यांनाही बाई!

खराडीत काचेच्या इमारती एकमेकींचं तोंड बघत उभ्या आहेत. दार उघडताच माई म्हणाली, "बापू, जातानी मले संगं घेऊन चाल. इथं भिंतीशी बोलाव लागते."

गावाकडे तिचं घर बंद होतं. भावाच्या संसारात राहायचं नाही, हा तिचा जुना हट्ट. म्हणजे त्या रिकाम्या घरात एकटीच!

नितीनच्या मित्राची आई, आपटेबाई, नारायण पेठेत बायकांचा गुरुवारचा खेळगट चालवतात. माईला कसंबसं तयार केलं. मेट्रोने डेक्कनला उतरलो, पादचारी पुलावरून मुठा ओलांडली. पाणी बेताचंच, वारा मात्र छान. माई कठड्याला धरून दोन मिनिटं थांबली तेव्हा मला जरा आशा वाटली. मग मी ऐटीत वाट चुकलो आणि एका दुकानदाराला पत्ता विचारला. "मागे पाटी आहे. वाचायची पद्धत आहे इथे," ते म्हणाले.

हॉलमध्ये पोहे तयार होते. गोडसर, तर्रीचा (हरभऱ्याच्या झणझणीत रश्श्याचा) पत्ता नाही. मी बशीत तोंड घालेपर्यंत माई मोरीपाशी भांडी घासायला पोचली.

"अहो, ठेवा ती," आपटेबाई कडाडल्या. "इथे नव्या माणसाने पहिल्या दिवशी फक्त हरायचं असतं."

गुडघ्यांच्या कृपेने सागरगोटे (आपले गजगे) टेबलावर मांडले होते. माईने नाही नाही म्हणत एक उडवला, खालचे दोन टिपले, वरचा झेलला. बायका सरसावून बसल्या. माझं लक्ष मात्र तिच्या डाव्या हाताकडे गेलं. तो कमरेपाशी वाकवून तिने घट्ट धरला होता.

"डावा हात दुखतो का तुमचा?" कुणीतरी विचारलं.

माईने हाताकडे पाहिलं. "नाही वो. लहानपणी याले कडेवर घेऊनच खेळो मी. तशीच सवय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी माझ्या टकलाकडे पाहिलं. आपटेबाई म्हणाल्या, "मग आता उतरवा त्यांना खाली. चांगले थोराड झालेत."

हॉल हसला. माईही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने डावा हात सोडून टेबलावर टेकवला आणि चारही गजगे एका झपाट्यात उचलले. साठ वर्षांत हे मला कधी दिसलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी निघालो. माईने जाण्याचा विषय काढला नाही, मीही नाही. नेमका गुरुवार होता, त्यामुळे ती स्टेशनवर आली नाही. गाडी दौंडच्या पुढे गेल्यावर मी फोन लावला.

"माई, औषध घेतलं का?"

"घेतलं. ठेव आता, बापू. माही पाळी हाय." आणि फोन कट.

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाईट वाटलं. मग मी एकटाच मोठ्याने हसलो. समोरच्या बाईंनी आपली पिशवी जवळ ओढली. मी हाक मारली की हातातलं टाकून धावत यायची माई. आज पहिल्यांदाच तिला माझ्यासाठी वेळ नव्हता.